फार शहाणी रेघ

ठकी सांख्यिकीत पहिल्यांदा नापास झाली तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही. दुसऱ्यांदा झाली तेव्हा मात्र आईला राहवलं नाही. ती म्हणाली, "अगं, तुला लोकांचे गुडघे आणि कंबरा नीट करायच्या आहेत ना? मग हे आकड्यांचं लचांड हवंच कशाला?"

ठकीलाही नेमकं हेच कळत नव्हतं. ती फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होती. हाडं, स्नायू, सांधे हे तिचे हातखंडा विषय. डोळे मिटून बोटांनी चाचपून कुठला स्नायू कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ती सांगायची. पण फळ्यावर ते मोडक्या खुर्चीसारखं सिग्माचं चिन्ह उमटलं की तिच्या डोक्याचं दार आतून बंद व्हायचं. सरासरीपर्यंत ठीक होतं. तिच्यापुढचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगलेत ते मोजायचं माप, समोर आलं की हातातलं पेन जड व्हायचं. आणि विषय सक्तीचा होता. तीनच संधी मिळत. तिसऱ्यांदाही गाडी अडकली तर वॉर्डातलं काम बंद आणि वर्ष वाया.

विषय शिकवणाऱ्या मॅडमना मुलं मागून 'फूटपट्टी' म्हणत. त्या फूटपट्टीसारख्या ताठ उभ्या राहत आणि साधी अधोरेखनाची रेघही पट्टी लावल्याशिवाय मारत नसत. त्यांच्याकडे एक मोठी सोय होती. शंभरातले चाळीस गुण प्रकल्पाला होते. स्वतः काहीतरी मोजायचं, निदान तीस दिवस, आणि त्यातून काय दिसतं ते लिहायचं. लेखी परीक्षेत ठकीचं पानिपत ठरलेलं होतं, तेव्हा तरायचं ते या चाळिसांच्या जिवावर.

काय मोजायचं याचा शोध घ्यायला तिला घराबाहेर जावं लागलं नाही. पाच महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला होता आणि डावी बाजू लुळी पडली होती. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. चौतीस वर्षं त्यांनी डोळ्याला भिंग लावून माणसांच्या मनगटावरची वेळ सरळ केली होती. आता दुकानाला कुलूप होतं, हात बराचसा परत आला होता, पण डावा पाय अजून दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा ओढत आणावा लागे. चार पायांची काठी घेऊन ते पलंगापासून बाहेरच्या दारापर्यंत चालत. अंतर सात मीटर. ठकीने ठरवलं, रोज सकाळी आठ वाजता बाबांना किती सेकंद लागतात ते मोजायचं.

"म्हणजे मी तुझा प्रयोगाचा उंदीर?" बाबांनी विचारलं.

"उंदीर भरभर पळतो, बाबा. तुम्ही कासव."

"चालेल. कासवाचं नाव तरी होतं."

पहिल्या दिवशी चौऱ्याण्णव सेकंद लागले. दुसऱ्या दिवशी ब्याण्णव. मग एक्याण्णव, मग अठ्ठ्याऐंशी. बाबा काठी टेकवायचे, दम घ्यायचे, पाय आणायचे. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि दाराशी पोचले की चहाचा कप घेऊन पुन्हा पलंगापर्यंत त्यांच्यामागून जायची, कारण परत येताना ते अगदी थकून गेलेले असत. ठकी वहीत आकडा लिहायची. तिसाव्या दिवशी आकडा होता एक्केचाळीस.

तिने तीस ठिपके कागदावर मांडले आणि जोडले. वरच्या कोपऱ्यातून निघालेली रेघ घसरगुंडीसारखी खाली आली होती. ठकीला त्या कागदाचा पापा घ्यावासा वाटला. इतकं नीटनेटकं असं काही तिच्या हातून या विषयात कधी घडलं नव्हतं. तिने तो आलेख बाबांना दाखवला. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं, "छान आलंय" म्हणाले आणि उगाचच वर्तमानपत्र उघडलं.

फूटपट्टी मॅडमनी मात्र कागद हातात घेतला आणि बराच वेळ खालीच ठेवला नाही.

"ही माहिती कुणी तयार केली?"

"तयार नाही केली मॅडम, मोजली. मी. रोज सकाळी."

"तीस दिवसांत एकदाही रेघ वर गेली नाही?"

"नाही मॅडम." ठकीला वाटलं, कौतुकच चाललंय.

"तुझे वडील माणूस आहेत की इस्त्रीची चादर?" मॅडमनी चष्मा काढला. "आजारातून उठलेला माणूस. एका रात्री झोप लागली नाही, एक दिवस पाय सुजला, एकदा चप्पल सरकली, घरात कुणाशी वाजलं, यातलं एका महिन्यात काहीच झालं नाही? खरे आकडे भांडखोर असतात. एकमेकांचं ऐकत नाहीत. आज पुढे, उद्या मागे. तुझे आकडे फार शहाणे आहेत."

ठकीच्या कानशिलांत ऊन उतरलं. "मी खोटं लिहिलेलं नाही, मॅडम."

"तू खोटं लिहिलंस असं मला सिद्ध करता येत नाही. खरं लिहिलंस असं तुलाही करता येत नाही." मॅडमचा आवाज चढला नव्हता, उलट जरा उतरला होता. "सोमवारपर्यंत विचार कर. काही सांगायचं असेल तर आपण होऊन सांग. समितीपुढे सांगायची वेळ आली तर ते फार वाईट दिसतं."

ठकी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली आणि घर येईपर्यंत तिने डोळे पुसले नाहीत, कारण पुसले तर शेजारच्या बाईला कळलं असतं. घरी आली, दप्तर टाकलं आणि जेवणाच्या टेबलावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. आई पाठीवर हात फिरवत राहिली. बाबा पलंगावरून "काय झालं? काय झालं?" विचारत होते. शेवटी हुंदके गिळत तिने सगळं सांगितलं. आकडे शहाणे आहेत म्हणाल्या. मी घरी बसून रचले असं त्यांना वाटतंय.

बाबा काठीच्या बुडाचं रबर बोटाने उगाच फिरवत बसले. मग म्हणाले, "मॅडम हुशार आहेत तुझ्या."

"बाबा!"

"अगं, रचलेलेच आहेत ते. पण तू नाही रचलेस." त्यांनी खाली बघत सांगितलं. "मी रचले."

ठकीचं रडं जागच्या जागी थांबलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. प्रकल्प सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ठकी मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. 'बाबांमध्ये सुधारणाच दिसली नाही तर मी आलेखात दाखवू काय? मग मी कामातूनच गेले,' असं तिचं वाक्य बाबांच्या कानावर पडलं. त्यांनी मनाशी ठरवलं, पोरीला सुधारणा हवी आहे ना, मग अशी देऊ की कुणी बोट ठेवायला नको. खरं तर पहिल्याच दिवशी ते पन्नास सेकंदांत दारापर्यंत पोचले असते. पण पन्नासाने सुरुवात केली तर पुढे खाली जायला जागा कुठली? म्हणून ते मनात सेकंद मोजत चालले. आज चौऱ्याण्णव. उद्या ब्याण्णव. दोन उतरवायचे, कधी एक, कधी तीन, म्हणजे संशय नको. चौतीस वर्षं घड्याळांची टिकटिक ऐकलेला माणूस. सेकंद त्यांच्या अंगातच भिनलेले.

"संशय नको म्हणून तीन!" ठकी म्हणाली. "अहो पण एकदा तरी वर जायचं ना बाबा!"

"वर कशाला? वर म्हणजे बिघाड. दुकानात गिऱ्हाईक एवढंच विचारतं, आता बरोबर चालतंय ना? मला वाटलं, मॅडमनाही सगळं बरोबर चालणारंच हवं असेल."

इतका वेळ आई नुसती ऐकत होती. आता ती कमरेवर हात ठेवून पुढे आली. "थांबा. म्हणजे महिनाभर तुम्हाला परत जाताना दम लागत होता, तोही रचलेला?"

बाबांनी काठीचं रबर पुन्हा फिरवायला घेतलं.

"आणि मी बावळट रोज चहाचा कप घेऊन तुमच्या मागून पलंगापर्यंत वरात काढत होते!"

एरवी ठकी हसली असती. पण तिला खरोखरीचा राग आला होता. "तुम्ही मला फसवलंत," ती म्हणाली. "मी तुमच्यासाठी मोजत होते. आलेख बघून मला वाटलं होतं, माझे बाबा रोज थोडे थोडे परत येताहेत." आणि ती आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसली.

थोड्या वेळाने खोलीबाहेरच्या बोळातून काठीचा आवाज आला. टक, पाय. टक, पाय. आवाज चांगला झपझप येत होता. दारावर काठीचीच टकटक झाली.

"ठके, रागव तू. रागवायलाच हवं. पण एक सांगतो. सावकाश चालायचं सोंग भारी कठीण असतं गं. एका पायावर उभं राहून सेकंद मोजायचे म्हणजे मांडी थरथर कापायची. पहिल्या आठवड्यात दोनदा पडता पडता वाचलो."

आत ठकीने डोळे मिटले. ती फिजिओथेरपीची विद्यार्थिनी होती. सावकाश चाललं की एका पायावर शरीर जास्त वेळ तोलावं लागतं, हे तिला पुस्तकाच्या पानासकट माहीत होतं. म्हणजे तिला गुण मिळावेत म्हणून हा माणूस महिनाभर रोज सकाळी आठ वाजता त्या लुळ्या पायावर सर्वांत अवघड व्यायाम करत होता. कुणाला न सांगता. पडण्याची भीती पोटात ठेवून.

तिने दार उघडलं. "पडला असतात म्हणजे?" ती ओरडली, आणि मग त्यांच्या गळ्यात पडली, जरा जपून, उजव्या बाजूने.

सोमवारी ठकी मॅडमना सांगायला निघाली तर बाबा इस्त्रीचा सदरा घालून पलंगावर तयार बसलेले. "चूक माझी. मी येणार."

"पायऱ्या आहेत बाबा तिथे. चौदा."

"मग चौदा चढेन."

आईने टॅक्सी बोलावली. विद्यापीठाच्या इमारतीपुढे उतरल्यावर बाबांनी पायऱ्यांकडे असं पाहिलं जसं न उघडणाऱ्या घड्याळाच्या झाकणाकडे पाहत असत. चांगला पाय वर, काठी, मग दुसरा. नवव्या पायरीवर ते थांबले, कपाळ पुसलं. आई मागे, ठकी बाजूला. वर पोचल्यावर शिपायाने धावत खुर्ची आणली तेव्हा ते म्हणाले, "बसलो तर उठणार नाही. आधी बोलून घेतो."

मॅडम टेबलामागून उठून उभ्या राहिल्या. बाबांनी नमस्कार केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पोरगी निर्दोष आहे. आकडे मी मनात मोजून पाडले. शिक्षा करायची तर मला करा.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मनात मोजून? तीस दिवस? सेकंदाच्या हिशेबाने?"

"हो."

"माफ करा, पण हे मी तुमच्या शब्दावर कसं मानू?" त्यांनी ड्रॉवरमधून फोन काढला. "डोळे मिटा. मी 'सुरू' म्हटलं की मोजायला लागा आणि एक मिनिट झालं की सांगा."

बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून उभे राहिले. किती वेळ गेला ठकीला कळलं नाही.

"झालं," बाबा म्हणाले.

मॅडमनी फोन पाहिला. भुवया वर गेल्या. "साठ."

आईने ठकीचा हात दाबला. पण मॅडम म्हणाल्या, "एकदा जमलं त्याने काही सिद्ध होत नाही. योगायोग असू शकतो. पुन्हा. आणि आता तुम्ही बसून घ्या बघू."

पाच वेळा झालं. साठ, एकोणसाठ, एकसष्ट, साठ, साठ. मॅडमनी प्रत्येक आकडा फळ्यावर लिहिला आणि खडू ठकीपुढे धरला. "सरासरी?"

"साठ," ठकी म्हणाली.

"विचलन?"

ठकी फळ्यापाशी गेली. साठातून प्रत्येक आकडा किती दूर? शून्य, एक, एक, शून्य, शून्य. त्यांचे वर्ग. बेरीज दोन. पाचातून एक वजा करून चार, दोनाला चारने भागायचं. अर्धा. त्याचं वर्गमूळ. "शून्य पूर्णांक सात," ती म्हणाली. "पाऊण सेकंदही नाही, मॅडम. बाबा पाऊण सेकंदानेही इकडे तिकडे होत नाहीत!"

हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण आत्ता काय केलं. दोन परीक्षांत ज्याने तिच्या नाकी नऊ आणले ते गणित तिने उभ्या उभ्या सोडवलं होतं, कारण तिला ते खरंच जाणून घ्यायचं होतं. फळ्यावरचे ते पाच आकडे म्हणजे तिचे बाबा होते. मॅडमच्याही ते लक्षात आलं असावं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवते," त्या बाबांना म्हणाल्या. "पण हा आलेख केराच्या टोपलीत. ज्याला मोजतोय तोच आकडे ठरवत असेल तर ती माहिती नाही, ती भेटवस्तू झाली." मग ठकीकडे वळल्या. "तीन आठवडे उरलेत. तीस दिवस नाही जमणार, एकवीस चालतील. पुन्हा मोज. पण हे गृहस्थ मनात मोजतात, तेव्हा कसं मोजशील?"

उत्तर बाबांनीच दिलं. "मला कळूच देऊ नका. माझी परवानगी आहे. कधी मोजता ते सांगू नका, म्हणजे झालं."

"आणि रोज एकाच वेळी नको," ठकी हळूच म्हणाली. "नाहीतर त्यांना अंदाज येईल. चिठ्ठ्या टाकून वेळ काढू."

"आता कसं," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरातलं हेरखातं आईकडे आलं. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंतच्या तासांच्या चिठ्ठ्या होत्या. रोज उठल्यावर ती एक काढायची, वाचून परत डब्यात टाकायची. त्या तासानंतर बाबा पहिल्यांदा पलंगावरून उठून बाहेरच्या दाराकडे निघाले की ओट्यावरच्या पुसण्याच्या फडक्याखाली लपवलेला फोन सुरू. बाबांनी पहिले दोन दिवस कान टवकारून बघितले. तिसऱ्या दिवशी नाद सोडला. "दिवसभर सोंग कोण करणार?" ते म्हणाले, आणि जसे चालायचे तसे चालू लागले.

आकडे आले ते अगदी उनाड पोरांसारखे. सेहेचाळीस, एकोणचाळीस, त्रेपन्न. एक दिवस अठ्ठावन्न, कारण औषधाच्या वेळेवरून आईशी त्यांचं वाजलं होतं आणि ते रुसून पाय ओढत चालले. एक दिवस एकतीस, कारण दारावरची घंटा वाजली आणि जुनं गिऱ्हाईक भेटायला आलेलं. एका पावसाळी दिवशी सांधे आखडले म्हणून चोपन्न. ठकीने ठिपके मांडले. ते कागदावर सांडलेल्या दाण्यांसारखे दिसत होते. तिने सरासरी काढली, विचलन काढलं, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर आलं. ठिपक्यांमधून जी रेघ निघाली ती खाली उतरत होती, पण इतकी बेताने, की दिवसाला जेमतेम अर्धा सेकंद.

बाबांना दाखवायचं की नाही याचा तिने बराच विचार केला. शेवटी दाखवलं.

बाबांनी बराच वेळ पाहिलं. "हे माझं खरं चालणं?"

"हो."

"फारच ओबडधोबड आहे गं."

"पण खाली जातंय, बाबा. तुम्ही न ठरवता जातंय." मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाली, "निदान तसं वाटतंय. एकवीस दिवसांवरून मला छातीठोकपणे सांगता येणार नाही."

बाबांनी अठ्ठावन्नाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "त्या दिवशी मला वाटलं होतं, संपलं, आता पुढे काही नाही. रात्री जेवलोही नव्हतो नीट." बोट पुढच्या ठिपक्यावर सरकलं. बेचाळीस. "आणि हे दुसऱ्याच दिवशी?"

"दुसऱ्याच दिवशी."

त्यानंतर एखाद्या दिवशी पाय रुसला तर ते स्वतःच म्हणत, "आजचा ठिपका वरचा." आणि आई म्हणे, "असू दे, उद्याचा बघू."

ठकीने प्रकल्पात दोन्ही गोष्टी लिहिल्या. पहिली माहिती का टाकून द्यावी लागली ते, आणि दुसरी कशी मिळवली ते. शेवटी लिहिलं की सुधारणा होत असावी, पण ठाम म्हणायला आणखी काही दिवस मोजावं लागेल. मॅडमनी चाळीसपैकी एकतीस दिले. लेखी पेपरात तिने साठपैकी तेवीस मिळवले. एक अख्खा प्रश्न तिने वेळ संपल्यामुळे सोडला होता आणि एका उत्तरात वर्गमूळ काढायचं विसरली होती, पण बाकीचं तिचं तिला कळून लिहिलेलं होतं.

निकाल लागला त्या दुपारी ती धावतच घरात शिरली.

"चोपन्न!" ती दारातूनच ओरडली. "सुटले!"

आईने हातातलं लाटणं तसंच धरून तिला मिठी मारली. बाबा दिवाणावर बसले होते. त्यांनी जरा विचार केला.

"शंभरात चोपन्नच?"

"वर्गाची सरासरी एकोणपन्नास आहे, बाबा."

"आणि विचलन?"

हे ठकीने विचारलंच नव्हतं.

"मग उद्या विचारून ये मॅडमना," बाबा म्हणाले. "पांगापांग किती ते कळल्याशिवाय मी आनंद किती करायचा ते कसं ठरवू?"

"आधी जेवायला बसा दोघं," आई म्हणाली, "गार होतंय सगळं."